आधी पत्ता, मग बाकी सारे

ऑक्टोबर उजाडला की या सदराच्या टपालात जर्मनीहून आलेल्या पत्रांची संख्या वाढते. तिथले हिवाळी सत्र 1 ऑक्टोबरला सुरू होते आणि वर्ग बहुधा महिन्याच्या मध्यावर भरू लागतात. त्यामुळे सप्टेंबरच्या अखेरीस आपल्याकडची शेकडो मुलेमुली तिथे पोहोचलेली असतात आणि पहिल्या दोन आठवड्यांतच त्यांच्या जिवाची घालमेल सुरू होते. 2023-24 च्या हिवाळी सत्रात जर्मन विद्यापीठांत 49 हजारांहून अधिक भारतीय शिकत होते आणि तिथल्या परदेशी विद्यार्थ्यांत हीच संख्या सर्वांत मोठी होती. मी स्वतः त्या देशात शिकले आहे. परतल्यापासून तिकडे जाणाऱ्या मुलांशी रोज बोलणे, हेच माझे काम आहे. या वेळी आलेल्या पत्रांतली चार पत्रे निवडली असून ती थोडक्यात दिली आहेत आणि ओळख पटेल असा मजकूर गाळला आहे.

प्रश्न : मी कराडजवळच्या एका गावातून एम. एस.साठी माग्डेबुर्गला आले, त्याला आज नऊ दिवस झाले. बँक म्हणते पत्तानोंदणीचा दाखला आणा, नोंदणीच्या कार्यालयात लवकरची वेळ मिळत नाही, ब्लॉक्ड अकाउंटमधले, म्हणजे व्हिसासाठी आधीच भरून ठेवलेले आणि महिन्याला ठरावीकच मिळणारे पैसे सुटत नाहीत आणि जवळची रोकड संपत आली आहे. वर्गमित्र म्हणतात, स्वस्तातला खासगी विमा घे, पैसे वाचतील. रात्री खोलीत एकटी बसले की वाटते, बाबांनी जमीन गहाण ठेवून कर्ज काढले आणि आपण इथे येऊन घोडचूक केली. हे सगळ्यांनाच वाटते, की माझ्यातच काही कमी आहे?

उत्तर : तुमच्यात काहीही कमी नाही. तुमचे पत्र मी तीनदा वाचले. त्यातल्या चार अडचणी तुम्हाला चार वेगवेगळ्या दिशांनी चालून आल्यासारख्या वाटतात, पण त्या एकाच दोऱ्याला बांधलेल्या आहेत आणि त्या दोऱ्याचे टोक म्हणजे तुमचा पत्ता. जर्मनीत राहायला आलेल्या प्रत्येकाने, मग तो जर्मन असो वा परदेशी, नव्या घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत आपला पत्ता नगरपालिकेच्या कार्यालयात नोंदवायचा असतो. मुले त्याला ‘सिटी रजिस्ट्रेशन’ म्हणतात, तर जर्मन शब्द ‘आनमेल्डुंग’ असा आहे. हा दाखला हातात पडला की बँकेचे खाते, निवासपरवान्याचा अर्ज आणि टपालाने येणारा कर क्रमांक या साऱ्यांना वाट मिळते. तो नसेल तर पुढचे काम अडते, आणि आपल्याला मात्र आपणच कुठेतरी कमी पडतो आहोत असे वाटत राहते.

तेव्हा उद्या सकाळी पहिले काम एवढेच करा. नोंदणीच्या कार्यालयाच्या संकेतस्थळावर जी तारीख मिळेल ती घ्या, मग ती तीन आठवड्यांनंतरची असली तरी चालेल, आणि वेळ मिळाल्याची नोंद छापून जवळ ठेवा. मुदतीत प्रयत्न केल्याचा तो पुरावा आहे. त्यानंतर रोज सकाळी कार्यालय उघडण्याच्या सुमारास पुन्हा पाहत जा, कारण इतरांनी रद्द केलेल्या वेळा बहुधा तेव्हाच मोकळ्या होतात. जाताना पासपोर्ट, भरलेला अर्ज आणि घरमालकाने सही करून दिलेले ‘ही व्यक्ती अमुक तारखेपासून माझ्या घरात राहते’ असे पत्र न्यायचे. हे पत्र देणे घरमालकावर कायद्याने बंधनकारक आहे. एखादा घरमालक खोली देतो पण हे पत्र देणार नाही म्हणतो, किंवा स्वतः दुसऱ्या देशात असल्याचे सांगून किल्ली देण्याआधीच अनामत रक्कम मागतो, तर ती खोली कितीही स्वस्त असो, तिच्यापासून दूर राहावे. हे तुमच्यासाठी नाही, कारण तुम्हाला वसतिगृहात खोली मिळालेली आहे, पण हे सदर वाचणाऱ्या पुढच्या मुलांसाठी लिहिते आहे. अर्जात धर्माचाही एक रकाना असतो. वसईचे किंवा गोव्याचे ख्रिस्ती विद्यार्थी त्यात कॅथलिक असे लिहितात, तेव्हा पुढे नोकरी लागून प्राप्तिकर सुरू झाल्यावर त्यासोबत चर्चचा करही कापला जाऊ लागतो, हे त्यांना आधी कोणी सांगितलेले नसते.

आता पैशांचे पाहू. सप्टेंबर 2024 पासून विद्यार्थ्याच्या ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात आणि त्यातून महिन्याला 992 युरो सुटतात. मात्र ते सुटतात तुमच्या नावाच्या जर्मनीतल्या चालू खात्यात. म्हणून खाते उघडणे हे पैसे मिळवण्याचेच काम समजा. सगळ्याच बँका नोंदणीचा दाखला आधी मागत नाहीत. एका बँकेने परत पाठवले म्हणून थांबू नका, विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागात जाऊन ‘इथल्या नव्या विद्यार्थ्यांची खाती सध्या कुठे उघडतात’ असे स्पष्ट विचारा. रोकड खरोखरच संपत आली असेल, तर विद्यार्थी कल्याण संस्थेच्या सामाजिक सल्ला विभागात आजच जा. तिथे बसलेली माणसे याच कामासाठी नेमलेली असतात आणि तुमच्यासारखी मुले त्यांच्याकडे दर ऑक्टोबरला येतात. तोवर दुपारचे जेवण मेन्सामध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या खाणावळीत घ्या. विद्यार्थी ओळखपत्रावर तिथे बाहेरच्यापेक्षा कितीतरी स्वस्तात पोट भरते.

विम्याच्या बाबतीत मात्र मी तुमच्या वर्गमित्रांशी मुळीच सहमत नाही, आणि हे जरा ठासून सांगते. तुमचे वय तिशीच्या आत आहे. त्यामुळे तुम्हाला सरकारी आरोग्य विमा विद्यार्थ्यांच्या सवलतीच्या दरात मिळतो. खासगी विमा महिन्याकाठी स्वस्त दिसतो, पण तो घेण्यासाठी सरकारी विम्यातून सूट मागावी लागते आणि एकदा घेतलेली ही सूट त्या शिक्षणाच्या काळात मागे घेता येत नाही. पुढे दातांचे दुखणे उद्भवले, अपघात झाला किंवा मन खचून उपचारांची गरज पडली, तर त्या स्वस्त कागदावरची बारीक अक्षरे वाचत बसण्याची वेळ येते. वाचवायचेच असेल, तर दुसरीकडे वाचवा.

आणखी एक गोष्ट आज संध्याकाळीच तपासा. तुमच्या टपालपेटीवर तुमचे नाव आहे का? तिथे टपाल खोली क्रमांकावर येत नाही, नावावर येते. पेटीवर नाव नसेल, तर पोस्टमन पाकीट परत नेतो. माझ्या पहिल्या महिन्यात बँकेचे कार्ड असेच दोनदा परत गेले होते आणि मी मात्र बँकेला दोष देत बसले होते. शेवटी शेजारच्या जर्मन आजी मला हाताला धरून खाली घेऊन गेल्या. पत्र्याच्या बारा पेट्यांच्या रांगेत माझ्या पेटीवर आधीच्या भाडेकरूचे नाव तसेच होते. आजींनी पर्समधून पांढरी चिकटपट्टी काढली, तिच्यावर माझे आडनाव मला मोठ्या अक्षरांत लिहायला लावले, एक अक्षर पुसट झाले म्हणून पुन्हा गिरवायला लावले आणि अंगठ्याने ती पट्टी दाबून बसवली. चौथ्या दिवशी कार्ड आले. पासपोर्टवर आहे तेच नाव, त्याच स्पेलिंगने लिहा, एवढेच त्यातले पथ्य.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाविषयी. होय, हे बहुतेकांना वाटते, आणि ज्यांना वाटत नाही असे तुम्हाला दिसते, त्यांच्यातलेही बरेच जण रात्री दार लावून रडतात. येणे चुकले की नाही, हा निर्णय पहिल्या सहा आठवड्यांत करायचाच नाही, असे मी प्रत्येकाला सांगते, कारण त्या काळात आपण देश पाहतच नसतो, फक्त कार्यालयांच्या खिडक्या पाहत असतो. बाबांच्या कर्जाचे ओझे मनावर आहे, हे मला समजते. पण ते ओझे फेडण्याचे काम या महिन्याचे नाही. या महिन्याचे काम आहे रोज एक कागद मार्गी लावणे, रोज एक वेळ गरम वरणभात करून खाणे आणि रोज अर्धा तास उजेडात चालणे. एल्ब नदीचा काठ तुम्हाला जवळ आहे, तिथे जा. असे करूनही झोप उडाली, जेवण जाईना, किंवा जगणे नको असे विचार येऊ लागले, तर एक दिवसही वाट पाहू नका. विद्यार्थी कल्याण संस्थेचे मानसोपचार समुपदेशन विद्यार्थ्यांसाठीच असते. तातडीचा धोका वाटला, तर 112 क्रमांक लावायचा. तातडी नसलेल्या पण रात्री-बेरात्रीच्या दुखण्याला 116117 या क्रमांकावर डॉक्टर मिळतात.

प्रश्न : आमचा मुलगा मार्चमध्ये उन्हाळी सत्रासाठी जर्मनीला जाणार आहे. त्याची आई आत्तापासून सामानाची यादी करते आहे. त्यात घरचे तूप, कंदी पेढे, ताजा कढीपत्ता, गोडा मसाला, लोणचे, औषधे असे सर्व आहे. काय न्यावे आणि काय नेऊ नये? — एक वडील, नाशिक

उत्तर : वहिनींना हे वाचून वाईट वाटेल, पण तूप आणि पेढे यादीतून काढावे लागतील. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सोबत नेता येत नाहीत आणि तूपही त्यातच मोडते. खवा, श्रीखंड यांतले कशालाच घरगुती म्हणून सूट मिळेल असे धरून चालू नका. ताज्या कढीपत्त्यालाही बंदी आहे. तो सावलीत वाळवून, चुरून मसाल्याच्या डब्यात टाकला तर चालेल. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, घरचे तिखट जरूर द्या, फक्त पुड्या नीट बंद करून त्यांवर नाव लिहा. नारळ नेता येतो, पण त्याचे वजन पाहता तो मी देणार नाही. तूप मात्र तिथे घरी कढवता येते, कारण बिनमिठाचे लोणी प्रत्येक दुकानात असते. त्याला जाण्याआधी एकदा लोणी कढवायला शिकवा. बेरी कोणत्या रंगाची झाली की गॅस बंद करायचा, हे फोनवरून सांगता येत नाही, शेजारी उभे राहूनच दाखवावे लागते. माझ्या मते डबाभर तुपापेक्षा ही शिकवण त्याला अधिक पुरेल.

औषधे तीन महिन्यांपुरती, मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह द्या. चष्मा असेल तर दुसरा जोड द्या. कागदपत्रांच्या मूळ प्रती हातातल्या पिशवीतच राहिल्या पाहिजेत. त्याचे भारतातले सिमकार्ड चालू ठेवा आणि त्यावर परदेशात संदेश येतील अशी सोय करून द्या, कारण इथल्या बँकेचा ओटीपी त्याच क्रमांकावर येणार आहे. हे विसरल्यामुळे अडकलेली मुले मी दर वर्षी पाहते. आणखी एक, तो तिथे कोणत्या वारी पोहोचतो ते पाहा. रविवारी आणि सार्वजनिक सुटीला तिथली दुकाने बंद असतात, मोठ्या स्थानकांतली काही दुकाने काय ती उघडी राहतात. शनिवारी रात्री पोहोचणार असेल, तर दोन दिवस पुरतील असे थेपले, चिवडा आणि पाणी घालून होणारा उपमा सोबत असू द्या. पाण्याची चिंता नको, नळाचे पाणी तिथे निःशंक पिता येते.

प्रश्न : मी छत्रपती संभाजीनगरचा आहे आणि सध्या केम्निट्झला पहिल्या सत्रात आहे. अभियांत्रिकीला मी नेहमी पहिल्या पाचांत होतो. इथे हजेरी नाही, अंतर्गत चाचण्या नाहीत, प्राध्यापक काही विचारत नाहीत. तास 9 ते 11 असा लिहिलेला असतो आणि प्राध्यापक सव्वानऊला येतात. तास संपला की सगळे बाके वाजवतात. मित्रांनी आल्याबरोबर अर्धवेळ काम धरले आहे. मीही धरावे का? वर्गात मला आपण हवेत लोंबकळतो आहोत असे वाटते.

उत्तर : बाकांपासून सुरुवात करू. मुठीने बाक वाजवणे ही तिथली टाळी आहे, प्राध्यापकांचे आभार मानण्याची रीत. तुम्हीही वाजवा. वेळेपुढे ‘सी. टी.’ अशी दोन अक्षरे असतील, तर तास पंधरा मिनिटे उशिरा सुरू होतो, हा त्यांच्या विद्यापीठांचा जुना संकेत आहे. ‘एस. टी.’ असेल तर ठोक्याला हजर राहायचे. घड्याळाचीच आणखी एक गोष्ट सांगते. कोणी ‘हाल्ब ड्राय’ म्हणजे ‘अर्धा तीन’ अशी वेळ दिली, तर इंग्रजीच्या सवयीने आपली मुले साडेतीनला जातात, पण त्याचा अर्थ अडीच असा आहे. आपला ‘अडीच’ हा शब्दही संस्कृतातल्या ‘अर्धतृतीय’वरून, म्हणजे ‘तिसरा अर्धा’ यावरूनच आलेला आहे. एकवीस म्हणतानाही आपण आधी एक आणि मग वीस म्हणतो, जर्मन माणूसही तसेच म्हणतो. त्या भाषेचे आकडे शिकताना इंग्रजी बाजूला ठेवून मराठी जवळ घ्या, फार सोपे जाईल.

आता मुख्य मुद्दा. तिथे कोणी विचारत नाही याचा अर्थ कोणाला पर्वा नाही असा नसून, अभ्यासाची सारी जबाबदारी तुमच्याकडे सोपवलेली आहे असा आहे. एका सत्राला साधारण 30 श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, असतात आणि एका श्रेयांकामागे 25 ते 30 तासांचे काम धरलेले असते. म्हणजे सत्रभरात 750 ते 900 तास, आणि त्यातला बराच मोठा भाग वर्गाबाहेरचा. हे तास कोणी मोजत नाही, म्हणून ते अदृश्य राहतात आणि जानेवारीच्या अखेरीस एकदम समोर उभे ठाकतात. आपल्याकडे परीक्षेचा अर्ज महाविद्यालय भरून घेते. तिथे प्रत्येक विषयाच्या परीक्षेसाठी ठरलेल्या मुदतीत स्वतः नोंदणी करायची असते आणि ती तारीख चुकली तर बहुधा कोणी ऐकून घेत नाही. एखाद्या सक्तीच्या विषयात बसण्याच्या संधी मोजक्या असतात, पुष्कळ ठिकाणी तीनच. त्या संपल्या तर तो अभ्यासक्रमच सोडावा लागतो. गुणांचा क्रमही उलटा आहे, 1.0 सर्वोत्तम आणि 4.0 म्हणजे जेमतेम उत्तीर्ण. म्हणून तुमच्या अभ्यासक्रमाची परीक्षा नियमावली इंग्रजीत मिळाली तर इंग्रजीत, नाहीतर वरच्या वर्गातल्या एखाद्याला शेजारी बसवून, या आठवड्यात पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढा. ते पुस्तक कोणी हातात देत नाही, आणि पुढे सगळ्यात जास्त आसवे त्याच्यामुळेच ढळतात.

प्राध्यापकांची भेटीची वेळ ठरलेली असते. त्या वेळी जाऊन ‘मला हे समजले नाही’ असे म्हणण्यात कमीपणा नाही. पहिल्या पाचांत असलेल्यांनाच हे वाक्य जड जाते, हे मी अनुभवाने सांगते. कामाविषयी माझे मत असे की, घरची निकड नसेल तर पहिले दोन महिने काम धरू नका. मार्च 2024 पासून परदेशी विद्यार्थ्याला वर्षाला 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस काम करता येते. ते दिवस कुठेही पळून जात नाहीत. रात्री गोदामात खोकी उचलून सकाळी तासाला डुलक्या घेणारा मुलगा दोन्हीकडे थकतो, आणि हवेत लोंबकळल्याची भावना त्यातून वाढतच जाते. पुढे काम शोधाल, तेव्हा आधी विद्यापीठातच, एखाद्या विभागातले सहायकाचे मिळते का ते पाहा.

प्रश्न : मुलीला जर्मनीत जाऊन तीन आठवडे झाले. सुरुवातीला दिवसातून चार वेळा व्हिडिओ कॉल करायची, आता कधी कधी दिवसभर फोन येत नाही. मी फोन केला तर ‘आई, नंतर बोलते’ म्हणते. माझा जीव टांगणीला लागतो. रोज ठरावीक वेळी बोललेच पाहिजे असे तिला सांगावे का? — एक आई, रत्नागिरी

उत्तर : तुमची काळजी खोटी नाही, आणि ती तुम्ही मुलीपुढे न मांडता इथे लिहिलीत, हे मला फार आवडले. माझ्या दृष्टीने फोन कमी होणे ही बहुतेक वेळा चांगली खूण असते. चार वेळा फोन येत होता तेव्हा तिला तिथे बोलायला कोणी नव्हते. आता कदाचित कोणी आहे. 1928 मध्ये इरावती कर्वे शिकायला बर्लिनला गेल्या तेव्हा घरच्या पत्राला आठवडे लागत, आणि इथे वाट पाहणारी माणसे त्या आठवड्यांना धरून जगत. हातात फोन आल्यापासून आपली थांबण्याची सवय मोडली आहे. तुम्हाला दोष देण्यासाठी हे म्हणत नाही, माझी आईही अशीच होती.

रोजची सक्ती नको, पण एक वेळ दोघींनी मिळून ठरवायला हरकत नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळे तासभर मागे जातात, त्यानंतर तुमचे रात्रीचे साडेनऊ वाजतात तेव्हा तिथे संध्याकाळचे पाच वाजलेले असतात. तुमची जेवणे आटोपलेली आणि ती वर्गावरून परतलेली, अशी ही वेळ सोयीची पडते. आठवड्यातून दोन वेळा सावकाश बोला, आणि मधल्या दिवशी तिने फक्त ‘जेवले’ एवढा एक शब्द पाठवावा, असे ठरवा. बोलताना ‘कशी आहेस’ असे विचारले की ‘बरी आहे’ यापुढे उत्तर जात नाही. त्याऐवजी ‘आज काय शिजवलेस, कोणाबरोबर जेवलीस, बाहेर उजेड किती वाजेपर्यंत होता’ असे विचारा. डिसेंबरच्या मध्यावर बर्लिनमध्ये दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो. कोकणातल्या उन्हात वाढलेल्या मुलीला तो अंधार अंगावर येऊ शकतो. ‘कोणाबरोबर’ या प्रश्नाला सलग दोन आठवडे ‘एकटीच’ असे उत्तर आले, दिवसाही झोपून राहिल्याचे जाणवले किंवा ती वर्गाविषयी बोलणे टाळू लागली, तर तेव्हा खरी काळजी करायची. अशा वेळी रागावू नका आणि ‘परत ये’ असेही लगेच म्हणू नका. वर कराडच्या मुलीला जो समुपदेशनाचा मार्ग सांगितला आहे, तो तिला शांतपणे सांगा आणि ती तिथे जाईपर्यंत रोज फोन करा.

तिच्या शहरात किंवा जवळपास मराठी मंडळ आहे का, तेही पाहा. म्युनिक, फ्रँकफर्ट, बर्लिन अशा शहरांत मंडळे आहेत. तुम्ही स्वतः त्यांच्याशी परस्पर संपर्क साधू नका, मुलीला फक्त सांगा. दिवाळीला ती तिथल्या कोणाच्या घरी फराळाला गेली आणि त्या दिवशी तुम्हाला फोन करायचा राहून गेला, तर त्या रात्री तुम्ही निश्चिंत झोपावे, असे मला मनापासून वाटते.